तुझ्या हातची कलमं

माय, तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे तुला वाचून दाखवायला मीच लागलो असतो, आणि मी ते वाचलं नसतं. म्हणून आता लिहितो आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्यापेक्षा वयानं मोठा झालो आहे. परवा अकोल्याला एका प्रयोगशाळेत गेलो होतो. तिथं संत्र्याची कलमं काचेच्या नळीत करतात. तोंडाला फडकं बांधलेली एक बाई भिंगाखाली, चिमट्यानं, मोहरीहून लहान असं कोंबाचं टोक जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, कोवळ्या रोपावर बसवत होती. मला म्हणाली, "एवढं बारीक घेतलं की आईच्या झाडाचा रोग रोपात येत नाही, सर." मी मान हलवली. बाहेर येऊन बसायला खुर्ची मागितली. त्यांना वाटलं उन्हानं झालं.

परतवाड्याच्या अलीकडच्या त्या रोपवाटिकेत तू बाबा गेल्यावर रोजानं लागलीस, तेव्हा बायकांना चाकू देत नसत. पुरुषांनी काडीवरचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, रोपाच्या सालीत भरायचा आणि बायकांनी केळीच्या सोपटानं तो बांधायचा, अशी वाटणी होती. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याचा हात थरथरायला लागला तसा त्यानं एका हिवाळ्यात तुझ्या हातात चाकू दिला, आणि त्या वर्षी तुझ्या ओळीतलं एकही कलम मेलं नाही. मला तुझं बसणं आठवतं. जंबेरीच्या रोपांच्या ओळीत तू उकिडवी सरकत जातेस, बोटभर जाड खोडाच्या सालीला जमिनीपासून वीतभर उंचीवर चीर देतेस, चाकूच्या बोथट टोकानं साल जराशी उचलतेस आणि संत्र्याच्या काडीवरून काढलेला डोळा आत सरकवतेस. डोळा काढला की तो ओठांत धरायचीस. हवा लागली तर मरते, म्हणायचीस. दुपारी भाकर खाताना तुझ्या तोंडाला संत्र्याच्या सालीचा कडू वास असायचा. दोन-तीन वर्षांत लोक रोपवाटिकेच्या मालकाला सांगू लागले की त्या बाईच्या हातची कलमं द्या. मालक तुला त्यांच्यासमोर बोलावून उभं करायचा. तू पदर नीट करायचीस, आणि घरी येऊन ते बोलणं मला दोनदा सांगायचीस.

अकोल्याच्या शेतकी कॉलेजात मला जागा मिळाली तेव्हा तू मला एक चाकू दिलास. तुझाच जुना, पण मूठ नवी बसवून घेतलेली, बाभळीची. वर्गात पहिल्या प्रात्यक्षिकाला मी तो काढला आणि शेजारचा हसला. त्यांच्याकडे विलायती चाकू होते. मी तो पेटीत तळाशी ठेवला आणि कॉलेजचा वापरू लागलो. सुट्टीत आल्यावर तू विचारलंस, "चालते का बरोबर?" मी म्हणालो, चालतो. तू खूश झालीस. त्याच दिवसांत मी तुझ्याशी वेगळं बोलायला लागलो होतो, माय. तू "मले" म्हटलंस की मी "मला" म्हणायचो, जरा जोरानं.

मी शाळेत होतो तेव्हाच मामानं नाल्याकाठच्या वावरात दोनशे कलमं लावली होती, ती सगळी तुझ्या हातची. सख्ख्या भावासाठी म्हणून तू मालकाच्या सगळ्यात चांगल्या झाडाची काडी निवडलीस आणि दोनशेच्या दोनशे स्वतः भरलीस, बांधणीसुद्धा दुसरीला करू दिली नाहीस. पाच वर्षं ती झाडं चांगली वाढली. पहिला बहार धरला आणि त्याच वर्षी पानं पिवळी पडायला लागली. मग फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीत घरी आलो तर मामा न्यायला आलेला. आपण तिघं आणि गावातले चार-पाच जण बागेत उभे राहिलो. मामा म्हणाला, "तू शिकेल माणूस आहेस बापू, तूच सांग. काय झालं बागेले?"

मला माहीत नव्हतं, माय. मी एक झाड उकरून पाहायला हवं होतं. पण त्याच महिन्यात वर्गात शिकवलं होतं की रोगी झाडाचा डोळा घेतला तर रोग डोळ्यातून कलमात जातो आणि पाच-सहा वर्षांनी बाग वाळायला लागते. माझ्या वहीत ते होतं. पाच-सहा वर्षं बरोबर जुळत होती. मी सगळ्यांसमोर, पुस्तकी भाषेत, सांगितलं की दोष डोळ्यांत आहे. ज्या झाडाची काडी घेतली तेच रोगी होतं आणि घेणाऱ्याला ते ओळखता आलं नाही.

मामा तुझ्याकडे पाहत राहिला. तू खाली बसलीस, एका झाडाच्या बुंध्याला हात लावलास आणि म्हणालीस, "त्याच झाडाचे डोळे म्या अजून तीन बागाइले भरले. मंग त्या काऊन नाही वाळल्या?"

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर आमच्या मास्तरांनी त्याला शाबासकी दिली असती. मी म्हणालो, "वाळतील. वेळ लागतो. तुला नाही समजायचं ते."

"एवढं कष्टानं लावलं म्या," मामा म्हणाला. तुला नाही, कुणालाच नाही. मग म्हणाला, "बाई, तुह्या हातानं व्हावं हे?"

त्यानंतर तू चाकू धरला नाहीस. मालक घरी आला, दोनदा आला. तू म्हणालीस, "माह्या हातात खोट हाये. पोट्टा शिकून राहिला, त्याले समजते." तू कापूस वेचायला जाऊ लागलीस, पावसाळ्यात निंदणाला, नाहीतर मिळेल त्या कामाला. मामा भाऊबीजेला यायचा बंद झाला. तू ताट करून ठेवायचीस, संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायचीस, मग मला वाढायचीस. मी जेवत होतो. आणि दरवर्षी, बहार संपला की, तू त्या तीन बागा पाहायला पायी जायचीस. एक तर चार कोसांवर होती. कुणी विचारलं तर सांगायचीस, असंच आली. मी सुट्टीत आलो की चुलीशी बसून तू मला खबर द्यायचीस, "औंदा बी हिरव्याच हायेत रे." तुझ्या आवाजात आनंद नसायचा, भीती असायची. माझं भाकीत खोटं ठरतं आहे हे तुझ्या डोक्यात आलंच नाही. तू त्या वाळायची वाट पाहत होतीस. मी म्हणायचो, बघू.

मला नोकरी लागली, अमरावतीला, फळबागांच्याच खात्यात. गावोगाव जाऊन मी सांगायचो की डोळे निवडून घ्या, आणि उदाहरण म्हणून मामाची बाग सांगायचो. आमच्याच घरातलं आहे म्हटलं की लोक कान देऊन ऐकायचे. मग मामानं बाग काढायला घेतली, कापूस पेरायचा म्हणून, आणि मला निरोप पाठवला की सरकारी माणूस म्हणून एकदा पाहून जा. मी गेलो. मजूर झाडं पाडत होते. मामा विहिरीकडे गेला होता. दहा-बारा झाडांनंतर एक मुळासकट उपटून आलं आणि मी वाकलो. मुळं काळी, लिबलिबीत, कुजक्या वासाची. सालीवर डिंकाचे ओघळ. आणि तू जमिनीपासून वीतभर वर भरलेला डोळा, तो जोड, हातभर खोल मातीत गाडलेला होता. मामानं वाऱ्यानं पडू नयेत म्हणून कलमं खोल लावली होती, त्या भारी जमिनीत, जिथं पावसाचं पाणी महिनाभर हटत नाही. मी चाकूनं जोड चिरून पाहिला. आत स्वच्छ, पिवळसर लाकूड. तुझा डोळा जंबेरीला असा एकजीव झाला होता की कुठं संपतो आणि कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. मी आणखी सहा झाडं पाहिली. सगळी तशीच, मुळं पाण्यानं कुजलेली आणि डोळा निरोगी. तेवढ्यात मामा येताना दिसला आणि मी पायानं खड्ड्यात माती लोटली. "काय निघालं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "तेच."

त्यानंतर तू चार वर्षं जगलीस. मी वर्षातून तीनदा तरी घरी येत होतो. भाषणांतून मामाची बाग मी काढून टाकली, एवढंच केलं. प्रत्येक वेळी एसटीत बसताना ठरवायचो की या खेपेला सांगू, आणि तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायचीस, मुलगा साहेब झाला म्हणून तुझा चेहरा असा असायचा की मी तांब्या घेऊन पाय धुवायला लागायचो. हे कारण नाही, मला माहीत आहे. कारण एवढंच की मी चुकलो होतो हे फक्त मला ठाऊक होतं, आणि ते तसंच राहिलं तर मला चालणार होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात तुझे शेवटचे आठ दिवस. पाणी घशाखाली उतरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तू माझी बाही धरलीस. "त्या तीन बागा पाहाले जाणं नाही झालं औंदा," म्हणालीस. मी म्हणालो, बोलू नको. तू थांबलीस, श्वास घेतलास आणि म्हणालीस, "माह्या मागं वाळल्या तं लोकाइले सांगजो, तिनं जाणूनबुजून नाही केलं."

शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे पाहत होती. नर्स आली, तिनं बाटली बदलली. मी तुला म्हणालो, "सांगीन."

मामा मातीला आला. इतक्या वर्षांनी. तुझ्या तोंडावरचं कापड सारून त्यानं तुला पाहिलं आणि रडला. परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "म्या तिले माफ केलं होतं रे. मनातल्या मनात. तिले तेवढं सांगाचं राहून गेलं." मी त्याचा हात तसाच राहू दिला. आम्ही नाल्यापर्यंत चालत आलो, तिथं तो त्याच्या वाटेनं गेला. पुढं तोही गेला. मीच एकटा उरलो, ज्याला हे माहीत आहे. त्या तीन बागा म्हाताऱ्या होऊन, फळ कमी आलं म्हणून मालकांनी तोडल्या. रोगानं एक झाड गेलं नाही.

एक अजून सांगायचं आहे. माझ्या मुलांनी मला विचारलं होतं की आजीचा हात एवढा चांगला होता म्हणता, मग तिनं कलमाचं काम सोडलं कशाला. मी सांगितलं, तिची नजर गेली होती. ते तसंच धरून चालले आहेत, नातवंडांनाही तेच सांगतात. तुझी नजर शेवटपर्यंत चांगली होती.