तुला कोण बघतंय!

काबूल, ११ ऑगस्ट १९५९

हुकूम आला! कागदावर नाही, तोंडीच. यंदाच्या जश्नला, स्वातंत्र्याच्या सोहळ्याला, राजघराण्यातल्या बायका उघड्या चेहऱ्याने मंचावर येणार आणि अंमलदारांनीही आपापल्या बायकांना बुरख्याशिवाय आणायचं. नवरा कचेरीतून आला तो पांढराफटक पडून. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते — आणि शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता रोज बुरख्याच्या जाळीतून बघते.

१२ ऑगस्ट

पादशहा आणि मी एका वयाचे. वडिलांचा खून झाला आणि एकोणिसाव्या वर्षी त्यांना तख्त मिळालं. त्याच हिवाळ्यात मला नवरा मिळाला. सव्वीस वर्षं राज्य त्यांच्या नावाने चाललंय. चालवलं आधी चुलत्यांनी, आता चुलतभाऊ चालवतो. माझ्या घरातही तेच. मान थोरलीचा, शब्द सवतीचा. सवत, परीगुल, बावीस वर्षांची आहे.

राजाशी बरोबरी करतेय मी! पण खोटं काय आहे त्यात?

१५ ऑगस्ट

जेवताना नवरा म्हणाला, "मासूमाची आई, तूच चल. परीगुल लहान आहे, तिच्यावर लोकांच्या नजरा पडतील."

"आणि माझ्यावर?"

"तुला कोण बघतंय!"

आणि ताट पुढे केलं, अजून पुलाव वाढ म्हणून. त्याला वाटलं, त्याने मला धीर दिला.

इतकी वर्षं उघड्या चेहऱ्याने चालायला मागितलं, ते मिळालं. असं मिळालं!

१६ ऑगस्ट

नाही जाणार. सांगून टाकलं.

१८ ऑगस्ट

नवरा दोन दिवस दार आपटून कचेरीला गेला. परीगुल मात्र तुतीखाली बसून आरशात कानातले बघत होती. "बीबी जान, तुम्ही नाहीच जाणार ना? मग मलाच न्यावं लागेल त्यांना. नोकरी थोडीच घालवतील!"

पोर किती आनंदात होती. वाटलं, जाऊ दे हिला. माझं वय गेलं, हिचं तरी जाऊ नये. आणि त्याच पावली आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, "मी येते."

का? मान ताठ ठेवून रस्त्याने चालायचं होतं म्हणून? की तिला ते मिळू नये म्हणून? इथे तरी खरं लिहावं — तिला मिळू नये म्हणून. मुलींना न्याय-अन्यायाचे धडे देणारी मी!

परीगुलने कानातले काढून ठेवले. जेवली नाही.

२२ ऑगस्ट

नवऱ्याने बाजारातून लांब कोट, डोक्याला रुमाल, हातमोजे आणि काळा चष्मा आणला. "एवढं घातलंस की अब्रू झाकली."

"मग बुरख्याने काय घोडं मारलं होतं?"

"जीभ तेवढी घरी ठेवून ये!"

२६ ऑगस्ट

मंचासमोर अंमलदारांच्या बायकांची रांग. शेजारी पन्नाशीची एक बाई, कोटात घामाने थबथबलेली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बहीणबाई, तुमच्या घरची धाकटी किती वर्षांची?"

"बावीस."

"आमची एकोणीस."

मी वाकून सगळी रांग पाहिली. पन्नास-साठ उघडे चेहरे. चाळिशीच्या आतला एकही नाही.