उम्म दोमचं पेव

दिलिंग, ४ मे

ती. मस्तूराताईस,
धाकट्या दफअल्लाचा स. सलाम. वि. वि.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. ते पोचलंच नसेल असं धरून चालतो, तू रागावलीस असं धरत नाही. हे पत्र अर्बाब मीठवाल्याच्या गाढवाच्या खोगिरात शिवून पाठवतोय.

आम्ही नवराबायको आणि पोर, तिघंही जिवंत आहोत. दुकान मी अजून रोज उघडतो, सुऱ्या पुसतो आणि बसून राहतो. शहराला वेढा पडल्यापासून बकरं दिसलेलं नाही. मागच्या आठवड्यात एकजण आपलं गाढव घेऊन आला आणि कापून दे म्हणाला. मी कापलं. इमामसाहेब रांगेत होते. गाढव हराम, म्हणून त्यांनी तोंड तेवढं फिरवलं, रांग सोडली नाही.

खायला शेंगदाण्याची पेंड आहे, आपण बैलांना घालायचो तीच. बाजारात सगळ्यांसाठी एक पातेलं लावतात. सोमवारी तिथे तोफगोळा पडला. पातेलं शाबूत राहिलं, रांगेतली पुढची माणसं गेली. संध्याकाळी ते पातेलं घासून पुन्हा पेंड शिजवली आणि आम्ही खाल्ली. इज्लाल म्हणाली की आपण आता माणसं उरलो नाही. मी म्हटलं, आधी जेव, मग ठरवू.

तैसीर हल्ली खायला मागत नाही. मागायची तेव्हा मी तिच्यावर खेकसायचो. ताई, मला फार भीती वाटते.

बाबांनी जमिनीत पुरलेलं ज्वारीचं पेव अजून भरलेलं आहे ना? मागत नाही, नुसतं विचारतो. भाऊजींना सलाम. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
दफअल्ला


उम्म दोम, १५ मे

चि. दफअल्लास अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारतोस म्हणजे मागतोसच. लहानपणीही तू माझ्या ताटाकडे बघत ज्वारी यंदा कशी झालीय असं विचारायचास. एवढा खाटीक झालास, पण मागायची लाज काही गेली नाही.

पेव आहे. एकच उरलंय, पण काठोकाठ आहे. वर मी काकडीचे वेल चढवलेत आणि तुझे भाऊजी त्यातच बाज टाकून घोरत असतात. गावाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पण एकदा तोंड फोडलं की पेव पुन्हा बुजवता येत नाही, सगळंच धान्य बाहेर काढावं लागतं. आणि बाहेर काढलं की गाड्यांतून लुटत फिरणाऱ्या टोळीला वास लागतो. पलीकडच्या वाडीत कलतूमच्या घरात चार पोती सापडली. पोती गाडीत चढवली, कलतूमला आत कोंडली आणि घर पेटवून दिलं. तिच्या हाका आम्हाला इथवर ऐकू येत होत्या. कोणी उठलं नाही. मीही उठले नाही.

पावसाच्या तोंडावर टोळी दक्षिणेकडे सरकेल असं म्हणतात. ती सरकली की त्याच दिवशी पेव फोडते. तोवर तैसीरला कसंही करून जगव. आत्या घाटा शिजवण्यापुरती ज्वारी पाठवतेय म्हणावं. इज्लालला सांग, माणसं उरलो की नाही ते पोट भरल्यावर बघू.

ओढ राहू दे.

तुझी,
मस्तूरा


दिलिंग, २ जून

ती. ताईस स. सलाम.

पाऊस सुरू झाला. तुझी टोळी सरकली की नाही?

काल रांगेत एकाने इज्लालच्या हातातला डबा हिसकावला. मी सुरी त्याच्या मनगटावर हाणली. उलटीच हाणायची होती, घाईत सुलटी लागली. आपल्याच गल्लीतला शिंपी होता तो. उजवा हात होता. त्याची बायको आमच्या दारात बसून राहिली. मी तिला डब्यातली अर्धी पेंड दिली आणि ती घेऊन गेली.

तैसीरची पावलं सुजलीत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि भरून येत नाही. आणि तू तिकडे धनावरच्या नागासारखी बसलीयस. बाबांनी पेव तुझ्या एकटीच्या नावाने भरलं होतं का? काकड्या खा खुशाल. माझी पोर गेली तर मातीला येऊ नकोस.

वाचून राग आला तर येऊ दे. मला दुसरं लिहिता येत नाही.

दफअल्ला


उम्म दोम, ११ जून

चि. दफअल्लास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या. अंगात एवढं बळ शिल्लक आहे हे वाचून बरं वाटलं. आता खाली बस आणि वाच.

तुझे भाऊजी गेले. शुक्रवारी टोळी आली. कोणीतरी चुगली केली असणार, सरळ आमच्याच दारात गाड्या थांबल्या. पेव कुठे म्हणून विचारलं, हे म्हणाले पेव नाही. मग त्यांना काकडीच्या वेलांत गुडघ्यांवर बसवून मला विचारलं. मी म्हटलं दाखवते. दाखवते म्हटल्यावर तरी सोडायचं होतं. त्यांनी गोळी घातली आणि मग माझ्या हातात कुदळ दिली. यांना बाजूला सरकवून मला खणावं लागलं.

वरची माती काढली, मग कडबा, मग भूस. तोंड उघडलं की बाबा आपल्याला कान धरून लांब न्यायचे, आठवतं? बंद पेवात कोंडलेली हवा माणसाला मारते. पेव एक दिवस उघडं टाकायचं, मग पेटता कडबा आत सोडून बघायचं, तो विझला तर उतरायचं नाही. हे टोळीवाले वाळूच्या मुलखातले, उंटांमागे वाढलेले. त्यांच्या लेखी पेव म्हणजे नुसता खड्डा. उतरणाऱ्याला अडवणं हे तोंड फोडणाऱ्याचं काम असतं, बाबांनी वैऱ्यालाही अडवलं असतं. मी कुदळीवर रेलून उभी राहिले. तोंडातून शब्द काढला नाही.

पहिला उतरला आणि झोप आल्यासारखा दाण्यांवर बसला. त्याला काढायला दुसरा गेला, दुसऱ्याला काढायला तिसरा. मग म्होरक्याने माझ्या गळ्याला बंदूक लावली आणि आत काय आहे म्हणून ओरडला. खरं सांगितलं असतं तर हवा जाईपर्यंत थांबून सगळी ज्वारी भरून नेली असती. मी म्हटलं, विष घातलंय, दाण्यादाण्याला लावलंय, न्या आणि खा. त्याने बंदुकीच्या दस्त्याने माझे पुढचे दात पाडले. मग आपली माणसं तशीच टाकून सगळे निघून गेले. मला जिवंत का सोडलं कोण जाणे. बहुतेक हात लावायची भीती वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांनी त्या तिघांना दोर लावून वर ओढलं. यांना आधी पुरलं, त्यांना नंतर. वरचा थर फेकून दिला. खालची ज्वारी बाबांच्या हातची आहे, पिवळी, तोच आंबूस वास. सारा गाव तीच खातोय, मीही बोळक्या तोंडाने खाते. विषबिष काही नाही, ती माझी थाप होती. ती थाप दूरवर पसरू दे, म्हणजे टोळी पुन्हा फिरकायची नाही.

अर्बाबबरोबर एक पोतं पाठवलंय. तो चिठ्ठी न्यायला तयार नाही. नाक्यावर एकाच्या खिशात चिठ्ठी निघाली म्हणून त्याला हेर ठरवून तिथल्या तिथे झाडाला टांगलं. म्हणून हे पत्र होस्ना चहावाली डोंगराच्या अंगाने घेऊन येईल, तिला उशीर लागेल. तैसीरला पहिल्यांदा पातळ पेज दे, एकदम पोटभर घालू नकोस.

नाग म्हणालास ते मनावर घेतलेलं नाही. लोभ ठेव.

तुझी,
मस्तूरा


दिलिंग, २० जून

ती. ताईस स. सलाम. वि. वि.

तू आहेस की नाहीस हे न कळताच लिहितोय. सगळ्या शहरात एकच बोलणं आहे की उम्म दोमच्या एका बाईने पेवात विष कालवलं आणि टोळीची माणसं तडफडून मेली. लोक येऊन माझी पाठ थोपटतात. मी ऐकल्याबरोबर विश्वास ठेवला. मला चावलेल्या कुत्र्याला तू मुसळाने मारलं होतंस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आणि त्याच आठवड्यात अर्बाबने ज्वारीचं पोतं आणलं. म्हणाला, ताईने दिलंय. चिठ्ठी मागितली तर नाही म्हणाला. तू चिठ्ठीशिवाय मूठभर मीठसुद्धा पाठवलेलं नाहीस. मी त्याचा गळा धरला. म्हटलं, उघडं पेव बघून तू चोरून भरलंस, ते विषारी आहे हे तुला कळलं नाही. तो पोराबाळांच्या शपथा घेत होता. मी त्याला दारातून ढकलून दिलं.

तरी मूठभर शिजवून आधी स्वतः खाल्लं. घटकाभरातच सगळं उलटून बाहेर आलं. इज्लाल सांगत होती की हे रिकाम्या आतड्याचं आहे, पहिल्या दिवशी पेंडही अशीच उलटली होती. मी ऐकलं नाही. तिने तैसीरसाठी पातेलं चढवलं होतं ते मी लाथेने पाडलं. ती कालथा घेऊन माझ्या अंगावर आली आणि मी तिला मारलं. तेवढ्यात ज्वारीचा वास गल्लीभर गेला. माणसं भिंतीवरून उड्या टाकून आत शिरली. एवढ्या जणांना मी कसा आवरणार? मी पोत्यावर रॉकेल ओतून काडी लावली. त्यांनी दगड मारले, माझं डोकं फुटलं. जळणाऱ्या ज्वारीत हात घालून दाणे तोंडात टाकणाऱ्यांना मी सुरी दाखवून मागे सारत होतो.

तैसीर त्या वासाने उठून बसली. थोडं दे म्हणाली.

मी गल्ली वाचवली ना, ताई? मिळेल त्या माणसाबरोबर एक ओळ पाठव. मी वाट बघतोय.

तुझा,
दफअल्ला


दिलिंग, २९ जून

ती. ताईस,

होस्ना काल तुझं पत्र घेऊन आली. तैसीरला आम्ही परवा पुरलं.

तुझी काही चूक नाही. तू थाप मारली नसतीस तर टोळीने सगळंच नेलं असतं. भाऊजींसाठी मी रडलो की तैसीरसाठी ते मला सांगता येत नाही. अर्बाबच्या दारात जाऊन त्याचे पाय धरले, त्याने दार लावून घेतलं.

आता एकच मागतो, आणि या वेळी उघड मागतो. इज्लाल चटईवर बसली आहे. पाणीसुद्धा घेत नाही. समाचाराला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते की धान्य चांगलं होतं, यांनी जाळलं. तिला वाचता येत नाही. तुझ्या पत्रात काय आहे म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, ताई लिहिते की विष होतं. तिला ते पटलं नाही. मस्तूराताईने मला लिहावं, मी ते इमामसाहेबांकडून वाचून घेईन, असं म्हणाली. तिला खरं कळलं तर ती उठणार नाही, आणि उठ म्हणायला मला तोंड नाही.

तू तिला लिही. मला काय सुनवायचं ते वेगळं लिही. कितीही लिही, सगळं वाचेन.

दफअल्ला


उम्म दोम, ९ जुलै

चि. सौ. इज्लाल हीस मस्तूराचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र इमामसाहेब वाचतील. त्यांनाही माझा सलाम सांग.

तैसीरचं कळलं. मी तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं, तेव्हा तिने माझी कानातली बाळी ओढून कान फाडला होता. अजून तिथे हात जातो. इज्लाल, मला रडू येतंय आणि मी रडतेय, ते पत्रात लपवत नाही.

धान्यात विष होतं. मीच कालवलं, उंदीर मारायचं. पोरीच्या बापाच्या आणि अल्लाच्या शपथेवर सांगते. टोळी पुन्हा येईल म्हणून विषाचा ढीग वेगळा ठेवला होता आणि घाईत त्याच ढिगातलं पोतं मी अर्बाबला भरून दिलं. तो बिचारा चोर नाही, माझ्याच हातून घेऊन गेला. दफअल्लाने जाळलं नसतं तर त्या दिवशी तुमच्या गल्लीतलं एकही घर उरलं नसतं. तैसीर तर त्याच संध्याकाळी तडफडून गेली असती. तुझ्या नवऱ्याने तिचं तेवढं तरी चुकवलं. पातेलं सांडलं म्हणून त्याला बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल, मी ऐकून घेईन.

होस्नाबरोबर थोडी ज्वारी पाठवतेय. ही आमच्या दुसऱ्या पेवातली आहे, त्यात काही नाही. मी स्वतः खाऊन बघितली आहे. वास थोडा आंबूस येईल, त्याने घाबरू नकोस. आधी तू खा, मग त्याला दे.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने म्हणू? राग ठेव, पण जेव.

तुझी नणंद,
मस्तूरा