अण्णांचा आवाज, तीस सेकंद

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.
वेबसाइट सुरू झाली! शाहीर बाबुराव सकपाळ डॉट कॉम, म्हणजे माझे वडील, अण्णा. गिरणीतून सुटल्यावर करी रोड ते नायगाव पायी जाऊन जो माणूस भीमगीतं गायचा, तो आजपासून जगभर. लंडनलाही ऐकू येईल. लंडनमध्ये आपलं कोणी नाही, पण तरी.

गाण्यांसाठी ‘सूरपेटी’ नावाच्या ऑनलाइन म्युझिक स्टोअरचं विजेट लावलं. म्हणजे दुकानाचा तयार डबा, आपल्या पानावर बसवायचा. बटण दाबलं की अण्णा गातात. फुकट. मेघना म्हणाली, पप्पा, फुकट देणारा दुकानदार कधी बघितलाय का? फाइली आपल्याच साइटवर ठेवा. तिला सांगितलं, तू बँकेत आहेस, तू बँक बघ. टेक्निकल बाजू माझी.

१६ नोव्हेंबरला अण्णांचा दहावा स्मृतिदिन, आपल्या बुद्धविहारात. साइटचं उद्घाटन मालनआत्याच्या हस्ते. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, वय एक्याऐंशी. मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि अजून तिच्यासमोर मांडी घालताना शर्टाची बटणं तपासतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.
लॅपटॉप भरला होता. साफ केला. अण्णांची गाणीही उडवली, कारण ती आता सूरपेटीवर आहेत आणि दोन-दोन ठिकाणी ठेवणं ही जुन्या लोकांची सवय. कॅसेट एकच होती. गाणी उतरवून झाल्या झाल्या टेप प्लेअरमध्ये अडकून तुटली. काम झाल्यावरच तुटली, हे विशेष. कचऱ्यात टाकली.
संकल्प : वस्तूंत जीव अडकवायचा नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
ऑफिसात सहज साइट उघडली. विजेट आपोआप वाजायला लागलं, आणि अण्णा नाही, कुठलं तरी हळदीचं रिमिक्स. फुल आवाजात. बंद करायचं बटण सापडेना. शैला मॅडम केबिनमधून बाहेर आल्या आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, सिस्टीम अपडेट होतेय.
घरी येऊन नीट पाहिलं. सूरपेटीचा लोगो अण्णांच्या फोटोपेक्षा मोठा आहे. फोटोवर बोट लागलं तर सरळ त्यांच्या दुकानात जातो. किरकोळ गोष्टी.

१ नोव्हेंबर, शनिवार.
निमंत्रणपत्रिका छापून आल्या. दोनशे. खाली क्यूआर कोड आणि ओळ : ‘स्कॅन करा, बाबुरावांचा आवाज ऐका.’ कल्पना माझी. संघमित्रा म्हणाली, अहो, कार्यक्रमाचा पत्ता बारीक आलाय आणि कोड केवढा मोठा. बायकोला डिझाइनमधलं कळत नाही.
साइटवर आतापर्यंत २१२ लोक येऊन गेले. लोकांना भूक आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.
सूरपेटीचा ईमेल. ‘आनंदाची बातमी! आमचा फ्री प्लॅन आता आणखी सोपा!’ सोपा म्हणजे काय, तर कुठलंही गाणं फक्त तीस सेकंद. पुढचं ऐकायला त्यांच्या दुकानात.
हे इतरांसाठी असणार.

७.२०. इतरांसाठी नाही. ‘भोंगा वाजला’ लावून बघितलं. अण्णांची पद्धत अशी की आधी पार्टीची ओळख करून द्यायची. पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, कोरसला कोण, सगळी नावं. तेवढ्यातच अठ्ठावीस सेकंद जातात. मग अण्णा गातात ‘भोंगा वा’. संपलं. लगेच एक बाई लाडात सांगते, पूर्ण गाण्यासाठी आजच सूरपेटीला भेट द्या!
दोनशे पत्रिकांपैकी एकशे नव्वद वाटून झाल्यात.

७.४०. घाबरण्यासारखं काही नाही. मेघनाने पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा म्हणून बजावलं होतं, मी ‘केली’ म्हणालो होतो. पेनड्राइव्ह शोधला. त्यात माझे योगासनांचे व्हिडिओ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
पैसे भरून आपलंच गाणं विकत घ्यायला गेलो. ‘कलाकाराची ओळख पटलेली नाही, विक्री थांबवली आहे.’ कस्टमर केअरला फोन केला. पोरगी फार गोड बोलते. म्हणाली, सर, सिंपल आहे, आर्टिस्टने कॅमेऱ्यासमोर येऊन एक लाइव्ह सेल्फी काढायचा, थोडी मान हलवायची. म्हणालो, आर्टिस्ट दहा वर्षांपूर्वी वारले. ती म्हणाली, ओके सर, मग त्यांना सवडीने काढायला सांगा.
फोन ठेवून लागोपाठ तीन कप चहा प्यालो. चहा कमी केला पाहिजे.

१० नोव्हेंबर, सोमवार.
शीव कोळीवाड्याहून आत्याचा फोन. मी घाईघाईत म्हणालो, आत्या, जय भीम, मीटिंगमध्ये आहे. ती म्हणाली, गौत्या, रविवारी सुट्टीच्या दिवशी मीटिंग घालू नको म्हंजे झालं. मग आवाज खाली आणून म्हणाली, बाळा, धा वर्सं झाली भावाचा आवाज ऐकून. सपनात येतो, पन नुसता बघतो, बोलत न्हाई. तू लई मोठं काम केलंस. मरायच्या आधी येकदा पुरं गाणं ऐकू दे, मग मी मोकळी.
तिला खरं सांगणार होतो. तोंडातून निघालं, आत्या, साउंड एकदम क्लिअर आहे.
नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. मला भीती वाटते. आत्याची वाटते, ती नेहमीचीच. ही दुसरी आहे. अण्णा दुसऱ्यांदा गेले आणि या वेळी मीच घालवले, असं वाटतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
विजेट काढून टाकायचा प्रयत्न केला. विजेट गेलं, पण अण्णांचा फोटो, जीवनपरिचय आणि माझं मनोगतही त्याच्यासोबत गेलं. सगळं त्यांच्याच डब्यात बसवलं होतं म्हणे. घाबरून परत लावलं. आता गाण्यांखाली नवीन ओळ आली आहे : ‘तुम्हाला हेही आवडेल : नॉनस्टॉप हळदी धमाका.’
शेवटी मेघनाला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही, त्यानेच जास्त घाबरलो. तिने साइटचा हिशेब उघडून बघितला. माझ्या त्या २१२ पैकी २०९ भेटी आमच्याच घरातून. उरलेल्या तीन ऑफिसातून.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.
प्लॅन तयार. उद्या पडद्यासमोर उभं राहायचं, बटण दाबायच्या आधीच खेदाने सांगायचं : विहारात नेटवर्क नाही. बस. नेटवर्कवर कोण रागावतं? आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं. चौथ्या वेळी चेहरा खरोखर खेदाचा आला. संघमित्रा म्हणाली, अहो, ताप आहे का?
जेवण जात नाही. पण प्लॅन पक्का आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री.
विहार कमिटीने कालच नवीन वायफाय बसवलं. आजच्या कार्यक्रमासाठी खास. अध्यक्ष विकास मोहिते यांनी माइकवरून पासवर्डसुद्धा सांगितला.

त्रिशरण-पंचशील झालं. मेणबत्त्या लावल्या, फोटोला फुलं वाहिली. दीडशे माणसं. आत्या पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत, कानातलं मशीन नीट करत. मी नेटवर्कचं बोलायला तोंड उघडलं तर विकास ओरडला, सकपाळसाहेब, फुल रेंज! आत्याने बटण दाबलं.

अण्णा बोलायला लागले. पेटीवर अमके, ढोलकीवर तमके. कोरसला : माझी धाकटी बहीण मालन. आत्याने पदर तोंडाला लावला. मी सेकंद मोजत होतो. सव्वीस, सत्तावीस. पळून जावं असं वाटलं, पण दारात चपलांचा ढीग. ‘भोंगा वा’ झालं आणि ती लाडिक बाई आली, पूर्ण गाण्यासाठी आजच भेट द्या! आणि पाठोपाठ हळदी धमाका, पडद्यावर नाचणाऱ्या बायका, वर अण्णांचा फोटो. मेघनाने धावत जाऊन वायर उपटली.


आत्या उठली. मला वाटलं, आता सर्वांदेखत कानाखाली. ती माझ्याकडे बघतही नव्हती. फोटोकडे बघून, माइकशिवाय, फाटक्या आवाजात तिने जिथून तुटलं होतं तिथूनच उचललं :

भोंगा वाजला गिरणीचा, पोरी ऊठ गं,
बाप निघाला खात्यात, तू शाळेत पळ गं.

मागच्या रांगेतून कोरस आला. मग सगळ्या विहारातून. म्हाताऱ्या, नायगावची मंडळी, संघमित्रा, विकाससुद्धा. पत्रिकांवर थापांचा ठेका. दीडशे माणसांना अण्णांचं गाणं पाठ होतं. वेबसाइट कोणालाच नको होती.
मला रडू आलं. सुटलो म्हणून आलं, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात दुसरं कडवं सुरू झालं.
मला ते येत नाही.
अण्णांचा मुलगा मी. कॅसेट कपाटात आहे, मग फाइल आहे, मग क्लाउडवर आहे, म्हणून कधी पाठच केलं नाही. अख्खा विहार गात होता आणि मी नुसतं तोंड हलवत होतो. समोरून आत्या बघत होती. तिला कळलं. गाणं संपल्यावर जवळ येऊन एवढंच म्हणाली, पुढल्या आयतवारी ये. वही घिऊन ये.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
आत्याकडे जाऊन आलो. वहीला तिने हात लावू दिला नाही. म्हणाली, आदी तोंडात बसव, मग कागदावर लिव. तीन तास बसलो. दुसरं कडवं असं आहे :

पाटी फुटली तर फुटू दे, पोरी,
अक्षर फुटायचं न्हाई.

पुढे आणखी दोन ओळी आहेत. शीवहून परळपर्यंत पाठ होत्या, घरी येईतो निसटल्या.