बसून ऐकणारी माणसं

३ ऑक्टोबर १९९३, रविवार

नागेशची अजून काही खबर नाही.

गुरुवारी सकाळी रेडिओवर भूकंपाची बातमी लागली तेव्हा तो माझ्याच दुकानात बसला होता – साईडड्रमचा पट्टा तुटला होता, तो शिवून घ्यायला. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीत आम्ही वाजवलं होतं, त्याचे डोळे उघडत नव्हते. औसा तालुक्याचं नाव आलं आणि उठला. ड्रम तिथंच ठेवून एस.टी. स्टँडकडे गेला. पट्टा माझ्या हातातच राहिला.

आठ वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीबरोबर इंदापूरला आला आणि इथलाच झाला. पण आई-वडील गावाकडेच. बहीण सारजाही तिथंच, दोन वर्षांपूर्वी गावातल्या गावात दिलेली.

सुरैय्या म्हणते, ड्रम घरी आणा, दुकानात उंदीर कातडं कुरतडतील. आणला.

९ ऑक्टोबर

नागेश आला. उभ्या उभ्या सांगितलं. वडील गेले. सारजा गेली, तिचा नवरा गेला. आई बाहेर गोठ्याजवळ झोपली होती म्हणून वाचली. हात मोडलाय, सोलापूरला दवाखान्यात आहे.

चहा घेतला नाही. सायकलच्या दुकानावर कामाला गेला. मालकानं नको म्हटलं तरी पंक्चर काढत बसला म्हणे.

१० ऑक्टोबर

दोन ब्लाऊज, एक पायजमा. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

बारामतीहून राजनंदिनी मॅडम आल्या होत्या. हायस्कूलला शिकवतात. बँडच्या खोलीत जमिनीवरच बसल्या. भूकंपग्रस्तांसाठी संगीत मेळा भरवतायत – २१ नोव्हेंबर, दुपारी चार, तिथल्या त्यांच्या शाळेच्या मैदानावर. तिकीट नाही. येणाऱ्यानं एक ब्लँकेट नाहीतर चादर आणायची. दोन्ही तालुक्यांतले वाजवणारे बोलावलेत. कळसच्या बिरूआबांचं धनगरी गजीढोल पथक, लोणी भापकरची बँजो पार्टी, आणि आम्ही.

रावजीतात्या आमचे मास्तर, बँड त्यांचा. त्यांनी विचारलं, मिरवणूक कुठून कुठपर्यंत?

मॅडम म्हणाल्या, मिरवणूक नाही. तुम्ही स्टेजवर उभं राहायचं. लोक खाली बसून ऐकतील.

एकोणीस वर्षं मी क्लॅरिनेट वाजवतोय. लोक पुढं नाचतात, फटाके लावतात, जेवणाची पंगत बसली की आम्हाला रस्त्यात सोडून निघून जातात. बसून कुणी ऐकलेलं नाही. घरच्यांनीसुद्धा नाही. सुरैय्यानं माझं ऐकलंय ते घरात, दार लावून, हळू वाजवतो तेवढंच. लोकांच्या वरातीत आपली बायको कुठं नेणार?

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

नागेश नव्हता. त्याला कोण सांगणार म्हणून तात्यांनी विचारलं. मी सांगतो म्हणालो.

२० ऑक्टोबर

सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा

खोलीवर वाद्यांची पूजा. नागेश फिरकला नाही. पूजेपुरता घरून नेलेल्या त्याच्या ड्रमला हार तात्यांनीच घातला.

घरी आल्यावर सुरैय्यानं विचारलं, त्याला सांगितलं का? नाही म्हणालो. त्याला वाईट वाटेल म्हणून.

ती पीठ मळत होती. म्हणाली, "त्याला वाईट वाटंल म्हणून सांगत न्हाय, का तुमाला वाजवायचंय म्हणून?"

दोन्ही, म्हणालो.

"मग उद्याच सांगा."

उद्याच्या जागी परवा सांगेन. पण सांगेन.

२६ ऑक्टोबर

सांगितलं. तो चाकाच्या तारा ओढत होता. ऐकून घेतलं. चाक फिरवून बघितलं, परत एक तार ओढली.

"माणसं मेली म्हणून बँड लावायचा, बादशाभाई?"

मी ब्लँकेटांचं सांगितलं. थंडी येतेय, लोक उघड्यावर आहेत, वगैरे. ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे हे बोलताना ध्यानात आलं, तेव्हा थांबलो.

"तुमी वाजवा," म्हणाला. "ड्रम दुसऱ्या कुणाला द्या. तो तसाबी तुमच्याच घरी हाय."

रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर, रविवार

पहिली तालीम. दोन अडचणी निघाल्या.

एक – वाजवायचं काय? आमच्याकडे सगळी लग्नाची गाणी. मेलेल्या माणसांसाठी नाचायची गाणी कशी वाजवायची? तात्यांनी दोन अभंग काढले. सावकाश वाजवून बघितले. अभंग वाईट नाही, आम्हीच खोटे वाटत होतो. परक्याच्या दुखवट्याला गेल्यावर तोंड पाडून बसतात तसं.

दुसरी अडचण आजवर कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. आमच्या एकाही गाण्याला शेवट नाही! वरातीत लग्नघरचा मालक हात वर करतो, आम्ही तोडतो. नाहीतर पुढच्या चौकात दुसरं सुरू करतो. स्टेजवर हात कोण वर करणार? आज एक गाणं तीन वेळा वाजवलं, तिन्ही वेळा एकेक जण सुटत गेला आणि शेवटी एकटा मोठा ढोल राहिला. सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

साईडड्रमवर तात्यांचा पुतण्या उभा केलाय. हात बरा आहे. नागेशसारखा नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळीचं काम अंगावर आलंय. रात्री पाठ धरते. तालीम नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

दुकान बंद करायच्या वेळेला नागेश आला. काजाच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसला. मी आपला हात चालू ठेवला.

काय वाजवणार, म्हणून त्यानं विचारलं. अभंग, म्हणालो.

मग बोलायला लागला. वडिलांना त्याचं बँडमध्ये वाजवणं पटलं नव्हतं. लोकांच्या दारात वाजवून पोट भरतो म्हणून घरात घेत नव्हते. सारजाच्या लग्नाला पत्रिकाही पाठवली नाही. ती मात्र मागच्या मार्गशीर्षात एकटी इंदापूरला येऊन गेली होती – हे मला आजच कळलं. स्टँडवरच भेटली. म्हणाली होती, दादा, माझ्या लग्नात वाजंत्रीच नव्हती, आबांनी कुणालाच बोलावलं नाही, तुझ्यावरचा राग.

मी मशीन थांबवलं.

नागेश म्हणाला, "अभंग तिच्यासाठी नगं. तिच्या लग्नात वाजवलं असतं ते वाजवायचं. नवरी मांडवात येते तवाचं. ते वाजवणार असाल तर मी येतो."

त्या चालीला नाव नाही. तात्यांच्या गुरूंनी बसवलेली आहे. आम्ही ती प्रत्येक लग्नात वाजवतो आणि प्रत्येक लग्नात नवरी मांडवात पोचली की मधेच तोडतो.

तसाच तात्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि अभंगांचा कागद घडी करून खिशात ठेवला. एवढंच.

नागेश ड्रम न्यायला घरी आला तेव्हा सुरैय्यानं त्याला जेवायला वाढलं. जेवला.

१४ नोव्हेंबर

पाडवा. सगळ्यांचे कपडे वेळेत दिले. फक्त एकाची पँट आखूड झाली.

१८ नोव्हेंबर

लाल कोट घालायचे का यावर वाद. सोनेरी झालरीचे कोट घालून तिथं कसं उभं राहायचं? शेवटी तात्या म्हणाले, ज्याचे त्यानं घरचे धुतलेले कपडे घाला. ते सगळे कोट मी शिवलेत, तरी मलाही तेच बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर, सोमवार

काल मेळा झाला. सगळं नीट लिहून ठेवतो.

टेम्पोत आम्ही चौदा जण. अंथुर्ण्याजवळ टायर बसला, नागेशनंच उतरून बदलला. सुरैय्या तिच्या भावजयीबरोबर एस.टी.नं पुढं गेली होती. येते असं तिनं आदल्या रात्री सांगितलं. मी या म्हणालो नव्हतो आणि नको असंही म्हणालो नव्हतो.

मैदान भरलं होतं. फाटकाशी ब्लँकेटांचा ढीग माणसाच्या उंचीएवढा. एक म्हातारी आपल्या अंगावरचीच शाल सोडून ढिगावर ठेवत होती, पोरी तिला नको म्हणत होत्या, ती ऐकत नव्हती.

पहिल्यांदा बँजो पार्टी. जोरात वाजवलं, पोरं नाचायला उठली, मॅडमनी हात जोडून बसवलं. मग बिरूआबा. ते स्टेजवर चढलेच नाहीत. ढोल मातीवर वाजतो, फळीवर नाही, म्हणाले. खाली मैदानातच रिंगण धरलं. सत्तरीचा माणूस, तीस जणांच्या पुढं वाकून असा फिरत होता की गुडघ्यांत हाडं आहेत की नाहीत कळेना. वाजवून झाल्यावर घाम पुसत आमच्याकडे आले. कुणीतरी नागेशचं सांगितलं असावं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग आमचं नाव पुकारलं.

वर चढलो आणि समोर बघितलं. दोनेक हजार माणसं, सगळी खाली बसलेली, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. वरातीत आम्हाला लोकांच्या पाठी दिसतात. मला ओठ ओले करता येईनात. उजवीकडे बायकांत सुरैय्या दिसली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

आधी दोन साधी गाणी झाली. पहिलं लटपटलं. मी एक सूर सरळ चुकलो. दुसरं बरं झालं, टाळ्या पडल्या. टाळ्यांचं काय करायचं आम्हाला कळत नव्हतं, तात्यांनी पोलिसासारखा सलाम ठोकला.

मग तात्या माईकजवळ गेले. बोलायची सवय नाही. म्हणाले, "हे नवरीचं हाय. आमच्या नागेशच्या बहिणीसाठी." आणि मागं आले.

चाल मी सुरू करायची असते, एकट्यानं. केली. आठ मात्रांनी नागेशचा ड्रम आला. रोज वाजवतो त्यापेक्षा हळू – इतकं हळू की मला माझा श्वास लांबवावा लागला. मग तात्यांचा ट्रंपेट, मग सगळे. आजवर ही चाल इतकी पुढं कधी गेलीच नव्हती. तोडायची जागा आली, कुणी हात वर केला नाही, आम्ही परत वरून घेतली. मैदानात कुणी हलत नव्हतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. मला वाटलं आता ही संपायचीच नाही.

मग नागेशनं काड्या वर उचलल्या आणि धरून ठेवल्या. आम्ही सगळे त्याच क्षणी थांबलो. ठरवलेलं नव्हतं. एकाचाही सूर मागं राहिला नाही.

टाळ्या उशिरानं आल्या. नागेश स्टेजच्या मागं गेला. मी मागं गेलो नाही. तात्या गेले.

परतताना सुरैय्या टेम्पोतच बसली, पुढं ड्रायव्हरजवळ. घरी आल्यावर भाकरी वाढताना म्हणाली, "घरात वाजवता ते वेगळंच हाय. हितं तुमी भिऊन वाजवता, तिथं न्हाय."

हसू आलं. मग रात्रभर त्याचाच विचार.

२८ नोव्हेंबर, रविवार

ब्लँकेटांचा ट्रक बुधवारी निघतोय. नागेश बरोबर जाणार. आईचा हात जुळलाय, तिला दवाखान्यातून घेऊन गावालाच नेणार, कारण ती दुसरीकडे कुठं यायला तयार नाही. बँडतर्फे उतरवायला एक माणूस हवा होता. तुळशीची लग्नं उरकली, सगळ्यांच्या सुपाऱ्या सुरू होतायत. मी जातो म्हणालो. चार दिवसांचा प्रश्न. तात्या म्हणाले, पाच तारखेला निमगावचं लग्न आहे, तोवर या.

३ डिसेंबर

नागेशच्या गावात. गाव म्हणजे दगडांचा ढीग, आणि माळावर पत्र्याची शेडं.

ब्लँकेटं दुपारपर्यंत वाटून झाली. शाळेच्या पटांगणात कपड्यांचा डोंगर पडलाय, कुठून कुठून आलेला. कोट, टाय, लहान पोरींचे झगे, एक बाही उसवलेले स्वेटर. कुणाला काही मापात बसत नाही. नागेशची आई चंद्राबाई माझ्यासमोर एक ब्लाऊज घेऊन बसली – मापाला दुप्पट. जुळलेला हात अजून नीट वर जात नाही, तिला तो बाहीतून घालता येत नव्हता. मी सुई-दोरा काढला, बाजू उसवून बंद लावून दिले. पुढून घालून बांधता येईल असे.

तिनं घालून बघितला आणि शेजारणीला हाक मारली.

संध्याकाळपर्यंत हातानंच अकरा केले. अजून बायका बसूनच आहेत. बोटाला सुई दोनदा लागली.

४ डिसेंबर

आज परत निघायला हवं होतं.

राहा असं नागेशनं म्हटलं नाही. मीच त्याच्याबरोबर स्टँडवर गेलो आणि ओळखीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. सुरैय्याला लिहिलंय – मशीन एस.टी.च्या टपावर टाकून पाठव. तात्यांना सांग, निमगावला मी नसेन. कारण लिहिलं नाही. मला ते नीट लिहिता आलं नसतं.

९ डिसेंबर

मशीन आलं. मशीनबरोबर सुरैय्याही आली. दुकानाची किल्ली जागामालकाला देऊन, घराला कुलूप लावून. तात्यांनी माझ्या जागी दुसरा क्लॅरिनेटवाला घेतलाय, म्हणाली. मग पदर खोचून बायकांची मापं घ्यायला बसली. किती दिवसांसाठी आलोय, ते तिनं विचारलं नाही.