इंजिनाची आंघोळ

२६ सप्टें., शुक्र.
बोट पुसली. ह्यांनी इंजिनाला पाण्याचा नवा पंप बसवला. आतलं रबरी चक्र पाणी ओढून इंजिन गार ठेवतं. कोरडं फिरलं की जळतं, खेळ खलास. गेल्या दसऱ्याला तेच झालं. पूजा झाल्यावर आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बोट जमिनीवर असतानाच इंजिन धडधडवलं. दुसऱ्या दिवशी धरणात मधोमध, गिऱ्हाइकं बसलेली, आणि इंजिनातून वाफा! अख्खी दिवाळी बोट काठाला. आता आप्पा म्हणतात, पुन्हा बिघडलं तर विकून टाकू. दिंडोरीचा एकजण टपलेलाच आहे.

२८, रवि.
आप्पांना विनवलं, यंदा पूजेत इंजिन सुरू करू नका. "मुकं यंत्र पूजायचं व्हय? ट्रॅक्टर बोलतो, मोटारसायकल बोलती, हिनंच काय पाप केलं?" हे पाना उचलून बाहेर. वडिलांसमोर ह्यांची दातखीळ बसते.
बोटीवर तिकिटं मी फाडते; बोट गेली तर मी काय, पुन्हा दिवसभर घरात? छे. ते होणे नाही.

३०, मंगळ.
सुचलं!! पंचवटीत भाजीला गेले होते. घाटावर एक बाई देव धूत होत्या. येतानाच निळा ड्रम आणला.
"आप्पा, देवाला आधी आंघोळ, मग पूजा. मग इंजिनाला का नको?"
आप्पांनी ड्रमभोवती एक फेरी मारली. मग, "गंगेचं पाणी लागंल."
"घाटावरची गंगा आपल्या धरणातूनच येते की!"

२ ऑक्टो., दसरा
जिंकले!
इंजिनाचा खालचा, पाण्यात बुडणारा पाय ड्रममध्ये, पाणी पंपाच्या वरपर्यंत, गिअर न्यूट्रल. कुंकू, झेंडू, नारळ. आप्पांनी किल्ली फिरवली. मी वाकले. नजर इंजिनाच्या मागच्या बारीक भोकावर... आणि आली, पाण्याची धार आली! पंप ओढतोय! मी सासऱ्यांसमोर चक्क शिट्टी मारली. जाऊबाई, "अगं बाई, इंजिन शू करतंय!" आम्ही दोघी हसून लोळलो.
आप्पा गंभीर. "तीर्थ हाय ते." धारेत हाताचं बोट ओलं करून डोळ्यांना लावलं.

५, रवि.
दिवसभर फेऱ्या, इंजिन गार. शेजारचा बोटवाला ड्रम मागून घेऊन गेला. लय भारी वाटलं!
संध्याकाळी दिंडोरीवाला काठावर हजर. आप्पा म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." नाही म्हणाले नाहीत. तो गेल्यावर किल्ली खिशात टाकता टाकता थांबले आणि माझ्या हातात दिली.
"उद्यापासून तूच सुरू कर. पण आधी धार बघायची, काय?"
मलाच शिकवतात!