आमच्या शाळेचा मुआयना

पौष शुद्ध ३, शके १८६५

शाळेत दिवसभर सरकारी सनाच्या, फसली तारखा लिहितो. अर्जावर फसली, फळ्यावर फसली. इथं मात्र आपली तिथी. वही माझी आहे.

भोकरदनहून हुकूम आला. नाझिरसाहेब शाळेच्या मुआयन्याला, तपासणीला येणार. (ह्यापुढं ना. सा. असंच लिहीन, हात दुखतो.) ह्या खेपेला शेरा वाईट पडला तर शाळा इथून उठणार, नदीपलीकडच्या गावच्या शाळेत सामील होणार. म्हणजे पावसाळाभर आमची पोरं घरी. आणि मुली बाराही महिने घरी, पलीकडं त्यांना कोण पाठवतो.

गोदाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मंग त्यांना खायला काय करायचं?" तिला वाटतं परीक्षा तिच्या सैपाकाची आहे. तसं फार चुकत नाही म्हणा. मागच्या नाझिरानं कोंबडीवर खूश होऊन शेरा दिल्ता, पोरांकडं मान वळवून पाहिलंही नव्हतं.

पौष शुद्ध ६

सकाळीच माणिकराव पाटील दारात. बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं, "गुर्जी, पलीकडच्या मदरशातली चार पोरं उसनी आणू. उर्दू फाडफाड बोलत्यात. म्होरच्या रांगेत बसवू, काम झालं की सांजच्याला परत."

ही इकडची रीतच आहे. लग्नाला जशी भांडी मागून आणतात तशी मुआयन्याला पोरं आणायची. आज त्यांची आपल्याकडं, उद्या आपली त्यांच्याकडं. साऱ्या तालुक्यातल्या शाळा त्याच दहा-वीस पोरांवर पास होतात.

मी म्हटलं, बिलकुल नाही. माझी पोरं जशी आहेत तशीच दिसतील.

"तुमची न्हाईत गुर्जी. गावाची हाईत."

खरंच होतं ते, म्हणून जास्तच राग आला. ते गेल्यावर बराच वेळ ओसरीवर येरझाऱ्या घातल्या. गोदा आतून बघत होती.

पौष शुद्ध ९

पोरांना एकच गोष्ट सांगून ठेवली. येत असेल तर सांगा. येत नसेल तर "येत नाही" म्हणा, आणि मग विचारा. विचारण्याची लाज नाही.

सखाराम धनगर शाळेपाशी आल्ता. त्याची सरू माझ्याकडं आहे, धनगराची शाळेत आलेली पहिलीच मुलगी. दर साल दिवाळी झाली की हा मेंढरं घेऊन लांब मुलखाला जातो, सगळं बिऱ्हाड घोड्यावर. ह्या वर्षी गेला नाही. सरूची शाळा बुडू नये म्हणून इथल्याच शिवारात मेंढ्या बसवतो, चारा पुरत नाही तरी. भाऊबंद हसतात त्याला.

मला म्हणाला, "शाळा ऱ्हाईल ना गुर्जी?"

राहील म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे.

पौष शुद्ध १३

झाला मुआयना. डोकं तापलंय. क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी शाळा उघडली तर पुढच्या रांगेत चार अनोळखी पोरं, धुतलेल्या टोप्या घालून. पाटलांनी न विचारता आणून बसवलेली. मी त्यांना उठवणार, तेवढ्यात ना. सां.ची बैलांची दमणी पारापाशी आली. सगळी पोरं उभी राहून सलाम करू लागली. मग काय करता.

ना. सा. म्हातारे, दम्याचे. एकच खुर्ची होती, ती दिली. त्यांनी पुढच्या रांगेकडं बोट करून विचारलं, आपल्या रियासतीत सुभे किती? त्या उसन्या पोरांतला पहिला उठला. सुभे सांगितले, सुभ्यांची नावं सांगितली, मग दम न घेता गोदावरी कुठून निघते ते, मग आठाचा पाढा, मग मक्का कोणत्या दिशेला ते. पुढचं काही कुणी विचारलंच नव्हतं! पण ना. सां.नी चार दिवसांपूर्वी पलीकडच्या शाळेत हेच प्रश्न ह्याच क्रमानं ह्याच पोराला विचारले होते. त्यानं बिचाऱ्यानं सगळे एकदम देऊन टाकले.

मागची पोरं फिदीफिदी हसली. ना. सा. नाही हसले. "तुम्हें तो मैं पहचानता हूँ, मियाँ." पाटील भिंतीला टेकले.

मग माझी खरी पोरं. उर्दूत अडखळली. लोहाराच्या पोराला भागाकार आला नाही, "येत न्हाई साहेब" म्हणाला ताठ मानेनं. ना. सां.नी रोजची उर्दू दुआ म्हणायला लावली, ती सगळ्यांनी खणखणीत म्हटली. आणि सरूचा हात वर.

"साहेब, ह्याचा अर्थ काय व्हतो?"

मला वाटलं संपलं. पण म्हाताऱ्यानं चष्मा काढला आणि सांगायला लागला. एकेक शब्द, सावकाश, तोडक्यामोडक्या मराठीत. खोकला आला की थांबायचा, पुन्हा सांगायचा. सरू मान हलवायची, पुन्हा विचारायची. त्या वेळी तो माणूस मास्तर दिसत होता आणि मला आवडला. खोटं कशाला लिहू.

जेवले. शेरा लिहिला. गेले.

शेरा: शाळेत फसवणूक. उर्दू कच्ची. शिस्त नाही. आणि शेवटी, लडकी सवाल करती है. हे दोषांत धरलंय! ज्यानं पाव घटका त्या सवालांची उत्तरं दिली त्यानंच. साल संपता शाळा उठवावी अशी शिफारस.

पहिल्या तीन गोष्टी कबूल. चौथी चौकटीत घालून भिंतीवर लावीन.

पौष वद्य १

गाव माझ्यावर उलटलं. पाटलांनी पोरं आणली हे कुणी बोलत नाही. विहिरीवर गोदाला बायका म्हणाल्या, "तुझ्या मालकानं पोरांना उलट बोलाया शिकवलं." ती घागर तशीच भरून आली, डोळे लाल. मी म्हटलं, तू काय म्हणालीस? तर म्हणे, "मी म्हणले, व्हय, शिकवलं. तुमच्या लेकींनाबी धाडा."

बाई जबर आहे. सोळा वर्षांत आज कळलं.

पौष वद्य ५

चावडीवर बोलावणं. पाटलांचं म्हणणं, पायावर पडू, दुसरा मुआयना मागू, ह्या वेळी लांबच्या गावची पोरं आणू म्हणजे ओळखायची नाहीत. निम्मं गाव हो म्हणालं.

मी उठलो. आवाज चढलाच. म्हटलं, पोरं तुमची, शाळा तुमची, आणि ती बरी का वाईट हे भोकरदनचा माणूस एका दुपारात सांगणार? तुम्ही कधी बघितलं आत येऊन? आधी तुम्ही घ्या परीक्षा. तुम्ही म्हणालात नापास, तर मी स्वतः खोलीला कुलूप घालतो आणि किल्ली पाटलांच्या हातात देतो.

पाटील म्हणाले, "आमाला काय येतंय विचारायला?"

कोपऱ्यातून सखाराम बोलला. तो चावडीत कधी बोलत नाही. "पाटील, मेंढरू घ्यायचं आसंल तर आमी उभ्यानं पारखत न्हाई. उभ्यानं नुसती लोकर दिसती. कळपात खाली बसावं लागतं, पाठीवरून हात फिरवावा लागतो. तवा कळतं आत काय हाय ते. मंग तसंच बगू की."

ठरलं. ज्याला पोरं पारखायची त्यानं पोरांत खाली बसायचं. खुर्ची नाही, बाज नाही, घोंगडीसुद्धा नाही.

पौष वद्य ८

गावाचा मुआयना. आज हात दुखला तरी लिहिणार.

सखाराम पहिला बसला. मग कुंभारीण, मग लोहार. पाटील बराच वेळ दारात धोतर सावरत उभे. सरूच म्हणाली, "पाटीलबाबा, उभ्यानं न्हाई इचारायचं." बसले. गुडघे कटकटा वाजले, पोरं हसली, तेही हसले.

उत्तरं काही सगळी बराबर आली नाहीत. गुळाच्या पुडीचा छापील कागद पाटलांनी आपल्या नातवाला वाचायला दिला. तो तीन ठिकाणी अडला, शेजारच्यानं सावरलं. लोहाराच्या पोराचा भागाकार आजही हुकला, बापाचं तोंड उतरलं. पण पोरगं म्हणालं, "बाबा, कुठं चुकतं ते कळलं मला, हिथं हातचा ऱ्हातो." बापाला भागाकार येत नाही, तरी पाटीवर वाकून बघत राहिला. कुंभारणीनं लेकीला विचारलं, "शाळंत येऊन तुला काय आलं गं?" ती लाजली, मग म्हणाली, "आये, मला आता नवीन मानसाशी बोलताना भ्या वाटत न्हाई." हा विषय मी कधी शिकवला नव्हता. मला रडू आलं, फळा पुसत उभा राहिलो.

मीही शेरा लिहिला. वाचन बरं. भागाकार कच्चा. उर्दू कच्ची. भीती नाही. सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

पाटील उठता उठता म्हणाले, "कच्ची हाय. पण आपली हाय. ऱ्हाऊ द्या."

माघ शुद्ध ४

हुकूम. शाळा बंद. सालाची वाटही पाहिली नाही. माझी बदली अंबडच्या बाजूला. शिपायानं खोलीला सरकारी कुलूप घातलं, पोरं पारावर उभी राहून बघत होती.

जालन्याच्या मस्तगडातून मेव्हणा आल्ता. तिथं दुकान आहे त्याचं, जग बघितलेला माणूस. म्हणाला, "जल्दी सामान बांधा. सरकारच्या इजाजतीशिवाय खानगी शाळा काढली तर धरून नेतात, माहीत आहे ना?" माहीत आहे. म्हणूनच दोन रात्री झोप नाही.

गोदाला विचारलं, काय करू?

"मी तर सामान बांधत न्हाई," म्हणाली आणि दळायला बसली.

माघ शुद्ध ७

अर्ज लिहिला. दोन ओळींचा. बदलीच्या जागी हजर होणार नाही. तारीख टाकताना हात थांबला. मग आपली तिथी टाकली. आता नोकरी गेलीच समजायची.

पाटलांना सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या गड्यानं त्यांच्या जुन्या गोठ्यातली जनावरं हलवली, जमीन सारवून घेतली. विचारलं तर पाटील म्हणतात, "मला काय ठाऊक? गोठा हाय, कुनी बी बसंल." भिऊन असतात, पण असतात बरोबर.

सखारामानं घोड्यावरून खडूचा दगड आणला, पोतंभर.

माघ शुद्ध १०

उद्या गोठ्यात शाळा सुरू. कोण येईल कळत नाही. आईबाप घाबरलेत, त्यांचं चूकही नाही. सरूची आजी म्हणते पोरीला नको पाठवू, पोलिसांचे जवान येतील. मी सखारामाला म्हटलं, तू ठरव, मी वाईट मानणार नाही.

तो म्हणाला, "मी लांब गेलो न्हाई ते कशापायी?"

भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही. माझ्या शेऱ्यात "भीती नाही" लिहिलं ते पोरांबद्दल होतं.

माघ शुद्ध ११

घाईत लिहितोय, पोरं पाटीवर भागाकार करतायत.

निम्मी आली. लोहाराचं पोरगं, कुंभाराची लेक, पाटलांचा नातू (तोंड धुतलेलं, म्हणजे घरातून पाठवलाय, पळून आलेला नाही). सरू सगळ्यांच्या आधी. बाहेर सखाराम मेंढरं घेऊन उगाच घुटमळतोय, चारा इथं काडीचा नाही.

आत्ता त्यानं हाक मारली. धावडा गावाच्या वाटेनं दमणी येतेय. ना. सां.ची. बरोबर घोड्यावर दोन जवान.

पोरांना सांगितलं, कुणी उठायचं नाही, सलाम नाही, हातातला भागाकार पुरा करायचा. कुंभाराच्या लेकीनं शेजारणीचा हात धरला, पण पाटीवरून मान वर काढली नाही. एकही पोर उठलं नाही.

दमणी थांबली. म्हातारा खोकत उतरतोय. जवान मागं उभे. दारात आला, खुर्ची शोधतोय बहुतेक. खुर्ची नाही.

सरू मला विचारतेय, "गुर्जी, त्यांना सांगू का? हितं खाली बसावं लागतं म्हणून?"

सांग म्हटलं.