बॉनेटखालची दोन बोटं

अप्पा, तुमच्या गाडीचं बॉनेट मी कापलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पाल्हाळ तुम्हाला कधी खपलं नाही. "आधी काय मोडलं ते सांग," म्हणायचात, मग ती कपबशी असो की गिअरबॉक्स. तर मोडलं काही नाही, कापलं. आता पुढचं जरा निवांत ऐका.

गिंडीच्या कारखान्यात दिवसभर फोरमनकी करून तुम्ही तांबरमच्या घरी यायचात आणि कपडे न बदलता मागच्या शेडमध्ये शिरायचात. जुन्या गाडीची चासी आणि कोइंबतूरहून मागवलेला फायबरच्या बॉडीचा संच. जोडा आणि चालवा, असं विकणारा म्हणाला होता म्हणे. जोडायलाच वर्षं गेली. संचातलं बॉनेट वाकडं निघालं, म्हणून तुम्ही अॅल्युमिनियमचा पत्रा आणलात आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं रविवारच्या रविवार बडवत बसलात. आई म्हणायची, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तशी आमची गाडी. इंजिन एकदाचं सुरू झालं, पण गाडी गल्लीच्या टोकापलीकडे गेली नाही. त्याआधी तुम्हीच गेलात.

पाडव्याचा दिवस मला अजून लख्ख दिसतो. आई पुरण वाटते आहे, मामा जेवायला यायचे आहेत. तुम्ही हळूच स्वयंपाकघरात येता, मळलेल्या कणकेतला एक गोळा उचलता आणि मला डोळ्यानं खुणावता. शेडमध्ये तो गोळा कार्ब्युरेटरवरच्या हवेच्या डब्यावर ठेवता, बॉनेट अलगद मिटता, उघडता. दबलेल्या कणकेत काडी खुपसून माझ्यासमोर धरता. "हे बघ, इंजिन हलतं. दोन बोटं तरी जागा पाहिजे." मी मान डोलावते. मोजून झाल्यावर शहाण्या माणसानं तो गोळा फेकला असता. तुम्ही अन्न टाकायचं नाही म्हणून तो परत परातीत ठेवलात. मामांनी पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघत राहिले. "अक्का, पोळीस पेट्रोलचा वास कां येतो गे?" आई तुमच्याशी दोन दिवस बोलली नाही. मी मात्र हसून हसून बेजार झाले होते.

आईला आता फारसं दिसत नाही. यंदा ती एकदम म्हणाली, "त्यांच्या गाडीत बसून मज एकदा मैलापूरास जायचंय. टॅक्सी नक्को." साठीला आलेल्या मुलीला आईनं कामाला लावलं. तुमचं इंजिन गंजून बसलं होतं, म्हणून सेकंडहँड घेतलं, बिनकार्ब्युरेटरचं, इंजेक्शनवालं. ते बसलं छान, पण त्याची हवा घेणारी नळी इंजिनाच्याच डोक्यावरून कमानीसारखी वळते, आणि ती कमान बॉनेटला लागायची. फिल्टर काढून हेडलाइटच्या मागे नेला. इंजिन खाली उतरवून पाहिलं, तर खालचा भाग गतिरोधकाला घासायला लागला. शेवटी आईकडे कणकेचा गोळा मागितला. तिनं काही न विचारता दिला, फक्त म्हणाली, "परत आणू नक्को." बॉनेट उघडलं तेव्हा कणकेतून नळी उघडी पडली होती. दोन बोटं सोडा, नखाएवढीही जागा नव्हती.

कापण्यावाचून इलाज नव्हता. आई शेडच्या दारात येऊन उभी राहिली, चाचपडत बॉनेटवर हात फिरवला. तुमच्या हातोडीच्या खुणा अजून बोटांना लागतात. "त्यांनी बडवून केलेलं हे," ती म्हणाली, "हे कापू नक्को गे. गाडी राहू दे उभी. मी येत नाही कोठे." आणि रडू लागली. मलाही रडू आलं, आणि त्या रडण्यात मी म्हणून गेले, "आई, अप्पाच मला म्हणाले होते. इंजिनास श्वास पाहिजे, तर बॉनेट काप. बॉनेटासाठी इंजिन अडवू नको." तिनं पदरानं डोळे पुसले. "सरि, बरं तर. ते बोलले म्हंजे झालं. काप."

अप्पा, तुम्ही असलं काही कधीच म्हणाला नव्हतात.

पत्रा कापला, वर एक छोटी टोपी बसवली, आणि आईला घेऊन गेले. पुण्यात संसार करून आलेल्या मुलीच्या मराठीला ती आपल्या दक्षिणी मराठीत रस्ताभर हसत होती. मैलापूरला देवळापाशी गाडी लावली तर फुलवाली बघायला आली. आईनं तिला तमिळमध्ये सगळं सांगितलं: गाडी ह्यांनी केली, आणि कापायलाही ह्यांनीच सांगून ठेवलं होतं. आता येईल त्याला सांगते. दूधवाल्यालाही सांगून झालं.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. कागद हाताला लागला की ती म्हणते, वाचून दाखव, आणि तिला खोटं वाचून दाखवायचं माझ्यानं होणार नाही. तेव्हा फाडूनच टाकते. पण एक सांगू? ते वाक्य तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की हल्ली मला ते तुमच्याच आवाजात ऐकू येतं.